कुलूप न लावता येणारा दवाखाना

अमरावतीहून निघालेली गाडी परतवाडा सोडून घाटात शिरली, की सेमाडोह आणि हरिसाल मागे टाकत धारणीला पोचेपर्यंत निम्मा दिवस सरतो. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. वळणे, चढ-उतार आणि मध्ये पसरलेले व्याघ्र प्रकल्पाचे जंगल यांमुळे ते वेळातच मोजावे लागते. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात येणारी कोरकू बाई बहुतेक वेळा त्याच्याही पलीकडच्या गावातून आलेली असते. तिला किंवा तिच्या बाळाला इथून ‘रेफर’ केले, तर वाट अमरावतीच्या इर्विन किंवा डफरीन रुग्णालयाची, नाहीतर सीमेपलीकडच्या बऱ्हाणपूरची. मेळघाटातल्या कुपोषणावर आणि बालमृत्यूंवर गेली कित्येक वर्षे उच्च न्यायालयात सुनावण्या होत आहेत. डॉक्टर, सोनोग्राफी, रक्त, रुग्णवाहिका यांची चर्चा होते, आणि ती व्हायलाच हवी. ज्या इमारतीत हे सगळे आणून ठेवायचे, ती इमारत पेटली तर काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या पुस्तिकेचा विषय तोच आहे. रुग्णालयाला परवाना मिळताना आणि त्याचे नूतनीकरण होताना आगीपासून बचावाचे कोणते निकष लावले जातात, तपासणी कोण करते, त्यात काय बघितले जाते आणि काय सुटते, हे तिच्या पुढच्या प्रकरणांत आहे. ती लिहिताना डोळ्यांसमोर मुंबई-पुण्याची बहुमजली रुग्णालये नव्हती. तालुक्याच्या ठिकाणचा एक-दोन मजली दवाखाना होता, जिथे रात्री एक डॉक्टर, दोन सिस्टर, एक मामा आणि एक मावशी असतात. कोणत्याही एका रुग्णालयाचे गुणपत्रक मांडणे हा हेतू नाही.

भंडाऱ्यापासून सुरुवात करणे भाग आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी रात्री दीडच्या सुमारास तिथल्या जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात शिशूंच्या विशेष कक्षातून धूर येताना ड्युटीवरच्या परिचारिकेला दिसला. आत १७ बाळे होती. अशा कक्षाचे दोन भाग असतात. एका भागात त्याच रुग्णालयात जन्मलेली बाळे ठेवतात, दुसऱ्यात बाहेरून आणलेली. आग बाहेरून आणलेल्या बाळांच्या भागात लागली. पहिल्या भागातल्या ७ बाळांना बाहेर काढता आले, दुसऱ्या भागातली १० गेली. तिघांचा मृत्यू भाजून आणि सात जणांचा धुराने गुदमरून झाल्याचे तत्कालीन आरोग्यमंत्र्यांनी सांगितले. अपुऱ्या दिवसांची किंवा कमी वजनाची बाळे उबेत राहावीत म्हणून वापरायच्या वॉर्मरच्या विद्युत भागात ठिणगी पडल्याचे पुढे समोर आले.

बाहेरून आणलेली बाळे म्हणजे खेड्यातून, प्राथमिक आरोग्य केंद्रातून, रुग्णवाहिकेने आणलेली. धारणीला येणारी बाळे याच वर्गातली. त्यांच्या आया कक्षाबाहेर असतात. संसर्ग होऊ नये म्हणून आत प्रवेश मोजक्यांनाच असतो, दारे-खिडक्या बंद असतात, तापमान वाढवलेले असते. बाळ जगावे म्हणून केलेली ही व्यवस्था आग लागताच त्याच्या विरोधात जाते. बंद खोलीत धूर साचतो. फोमच्या गाद्या, प्लास्टिकच्या नळ्या आणि वायरींचे आवरण जळाले, की त्यातून कार्बन मोनॉक्साइडसह इतर विषारी वायू निघतात, आणि ज्वाळा पोचण्याच्या कितीतरी आधी ते माणसाला बेशुद्ध करतात. भंडाऱ्यातले तीन आणि सात हे आकडे त्या अर्थाने वाचावेत. आगीच्या तपासणीत पाणी मारण्याची सोय बघितली जाते. धूर कुठून बाहेर जाईल आणि कुठे शिरणार नाही, हा प्रश्न त्याहून आधीचा आहे. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी आग तळघरात लागली आणि माणसे गेली ती वरच्या मजल्यांवर, बहुतेक सगळी गुदमरून.

भंडाऱ्याच्या २२ दिवस आधी, १८ डिसेंबर २०२० रोजी, राजकोटच्या एका रुग्णालयातल्या आगीनंतर सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या कोविड रुग्णालयांचे दरमहा अग्निसुरक्षा परीक्षण करण्याचा आदेश दिला होता. तो आदेश कोविड रुग्णालयांपुरता होता, आणि भंडाऱ्याचा कक्ष बाळांचा होता. भंडाऱ्याच्या आगीनंतर राज्यात सगळ्या रुग्णालयांच्या ‘फायर ऑडिट’ची घोषणा झाली. तरीही त्याच वर्षी मार्चमध्ये भांडुपच्या मॉलमधले रुग्णालय, एप्रिलमध्ये नागपूरजवळचे वाडी, मग विरार, मग मुंब्रा अशी रांग लागली. विरारला २३ एप्रिलच्या पहाटे अतिदक्षता विभागात १३ रुग्ण गेले. ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयात ११ गेले, आणि तो विभाग तर कोविडसाठी नव्याने उभारलेला होता. आपल्या जिल्ह्यातही सप्टेंबर २०२२ मध्ये डफरीनच्या नवजात कक्षात आग लागली आणि बाळांना तातडीने हलवावे लागले. धारणीहून ‘रेफर’ केलेले बाळ जिथे जाते, तो हाच दवाखाना.

या घटनांत वारंवार दिसणाऱ्या गोष्टी थोड्या आहेत. वातानुकूलन यंत्र किंवा उष्णता देणारे उपकरण चोवीस तास चालू. वायरिंग जुन्या भाराचे, त्यावर नवी यंत्रे. खोलीत प्राणवायू. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. मास्क नीट बसला नाही, नळी सुटून राहिली, तर बंद खोलीतले हे प्रमाण वाढते, आणि दोन-तीन टक्क्यांच्या वाढीनेही चादर, केस, गादी हे सगळे नेहमीपेक्षा लवकर आणि जोराने पेटते. प्राणवायू स्वतः जळत नाही, जळणाऱ्याला बळ देतो. म्हणून पेटलेल्या वॉर्डातला प्राणवायू कोणत्या व्हॉल्व्हने बंद होतो, तो बंद करण्याचा अधिकार रात्री कोणाला आहे आणि त्या क्षणी ज्यांना प्राणवायू चालू आहे त्यांना हातातल्या छोट्या सिलिंडरवर कोण घेणार, हे आधी ठरलेले असावे लागते.

आता कायद्याकडे वळू. महाराष्ट्रात दोन कायदे इथे एकत्र येतात. पहिला शुश्रूषागृह नोंदणीचा, १९४९ सालचा. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा आपल्या राज्याने स्वीकारलेला नाही, त्यामुळे खासगी रुग्णालयांची नोंदणी या जुन्या कायद्याखालीच होते. त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले. नोंदणी तीन वर्षांची असते, आणि अर्जाबरोबर अग्निसुरक्षेचा दाखला मागितला जातो. महापालिकेबाहेर ही जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असते. दुसरा कायदा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा, २००६ सालचा, डिसेंबर २००८ पासून लागू झालेला. त्यात इमारतीचा मालक किंवा वापरकर्ता जबाबदार धरला आहे. परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा तपासून घेऊन ती चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करायचा असतो. न केल्यास नोटीस, आणि धोका गंभीर असेल तर वीज-पाणी तोडून इमारत सील करण्यापर्यंतचे अधिकार या कायद्यात आहेत.

कागदावर ही रचना चांगली आहे. तिची धार परवान्यात आहे: दाखला नाही तर नूतनीकरण नाही, नूतनीकरण नाही तर दवाखाना बंद. खासगी मालकाला हे समजते. ते समजूनही काय होते, हे दिल्लीच्या विवेक विहारमध्ये २५ मे २०२४ च्या रात्री दिसले. तिथल्या बालरुग्णालयाचा परवाना ३१ मार्चलाच संपला होता, पाच खाटांच्या परवानगीवर त्याहून अधिक बाळे दाखल होती, आणि त्या रात्री सात बाळे गेली. मुदत संपल्यापासून आग लागेपर्यंत जवळजवळ आठ आठवडे गेले होते. मुदत संपली हे कोणाच्या तरी नोंदवहीत लिहिलेले असणार, पण ती नोंदवही उघडून त्या पत्त्यावर कोणी गेले नाही.

सरकारी रुग्णालयाचा प्रश्न वेगळा आणि अधिक अवघड आहे. सरकार चालवते ती रुग्णालये १९४९ च्या नोंदणी कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. म्हणजे ज्या परवान्याच्या भीतीने खासगी डॉक्टर अग्निशामक सिलिंडर भरून घेतो, तो परवाना इथे नाहीच. २००६ चा कायदा सरकारी इमारतीलाही लागू आहे, पण त्यातली शेवटची शिक्षा, इमारत सील करण्याची, धारणीत कशी वापरणार? अमरावती शहरात एखादे खासगी रुग्णालय बंद केले, तर रुग्ण पुढच्या चौकात जातो. धारणीचा प्रसूती वॉर्ड बंद केला, तर कळा सुरू झालेली बाई घाटातून खाली जाते, किंवा जातच नाही. असुरक्षित वॉर्डात ठेवणे आणि वॉर्डच नसणे, यांत निवड करायला लावणारी तपासणी मेळघाटच्या उपयोगाची नाही.

माझे ठाम मत असे, की अशा ठिकाणी तपासणीचा शेवट कुलपात नव्हे, दुरुस्तीत झाला पाहिजे, आणि त्या दुरुस्तीला तारीख, पैसा आणि नाव जोडलेले असले पाहिजे. आज तसे होत नाही. रुग्णालय चालवते आरोग्य खाते, इमारत सांभाळते सार्वजनिक बांधकाम विभाग, वायरिंग त्यांची विद्युत शाखा बघते, आणि यंत्रे येतात तिसऱ्याच योजनेतून. नवे वॉर्मर, नवी फोटोथेरपी, नवे वातानुकूलन यंत्र बसवताना ‘या खोलीच्या वायरिंगला हा भार पेलेल का’ असे लेखी विचारणे कोणाचेच काम राहत नाही. मग तपासणी होते, त्रुटी निघतात, अंदाजपत्रक जाते, आणि प्रस्ताव या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. भंडाऱ्यातही अग्निशमन यंत्रणेचा प्रस्ताव आगीआधीच पाठवलेला होता.

वऱ्हाडात याला आणखी एक बाजू आहे, जी मुंबईत छापलेल्या मार्गदर्शिकांत सापडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत अकोला-अमरावतीचा पारा ४५ च्या पुढे जातो. वॉर्डात कूलर लागतातच, त्यांच्याशिवाय रुग्ण जगवणे कठीण. पण कूलर खिडकीत बसतो, आणि बाहेर पडण्याची किंवा धूर जाण्याची ती एक वाट बंद होते. त्याचा पंप आणि पंखा चालतात मल्टीप्लगवर, आणि त्याच मल्टीप्लगवर नातेवाइकांचे मोबाइलही चार्ज होत असतात. पाणी संपले की लाकडी भुश्शाच्या ताट्या कोरड्या होतात, आणि कोरडी ताटी पेटायला एक ठिणगी पुरते. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग नसेल तर शॉकचा धोका वेगळाच. पावसाळ्यात भिंतीला ओल येते, बोर्डात पाणी झिरपते. हिवाळ्यात उंदीर वायरींवर दात घासतात. तपासणी जानेवारीत झाली तर कूलर गोदामात असतात. जुलैत झाली तर ते नुकतेच काढलेले असतात. वऱ्हाडातल्या रुग्णालयांची एक तपासणी एप्रिलमध्ये, भर दुपारी, सगळे कूलर चालू असताना व्हायला हवी. ती कायद्यात लिहिलेली नाही. पण वैद्यकीय अधीक्षकांनी ती आपणहून करून घ्यायला कोणाची हरकत नसावी.

इमारतीच्या रचनेबद्दल राष्ट्रीय इमारत संहितेत (२०१६) रुग्णालयांसाठी स्वतंत्र निकष आहेत. जिना दोन मीटर रुंद असावा आणि खाटेपासून सुरक्षित जागेपर्यंतचे अंतर ३० मीटरच्या आत असावे. त्यातला सगळ्यांत महत्त्वाचा विचार असा, की रुग्णाला आधी आडवे हलवायचे, खाली नंतर. म्हणजे त्याच मजल्यावर, आगरोधक दारापलीकडच्या दुसऱ्या कप्प्यात. सलाइन लावलेल्या, टाके पडलेल्या, पाय वजनाला बांधलेल्या माणसाला जिन्याने उतरवायला चार जण आणि कितीतरी मिनिटे लागतात. दाराच्या पलीकडे खाट ढकलायला दोघे पुरतात. मेळघाटात हे कोणाला समजावून सांगावे लागू नये. वनविभाग दरवर्षी फेब्रुवारीच्या मध्यापासून सुरू होणाऱ्या वणव्याच्या हंगामाआधी जंगलात जाळरेषा काढतो, पालापाचोळा साफ करून मोकळा पट्टा सोडतो, म्हणजे एका भागात आग लागली तरी ती रेषा ओलांडून पुढे जाऊ नये. रुग्णालयातले आगरोधक दार हीच जाळरेषा. आणि जाळरेषेवर कोणी सरपण रचून ठेवत नाही, तसे त्या दाराजवळ मोडक्या खाटा, जुन्या गाद्या आणि केसपेपरचे गठ्ठे ठेवायचे नसतात. दार पाचर मारून उघडे ठेवले, तर ते असून नसल्यासारखे.

रात्रपाळीबद्दल इथे थोडे अधिक लिहायला हवे. वर आलेल्या बहुतेक आगी रात्री किंवा पहाटे लागल्या. त्या वेळी हाताशी माणसे सगळ्यांत कमी असतात, आणि चौकशी सुरू झाली की बोटही त्यांच्याकडेच वळते. भंडाऱ्याच्या प्रकरणात दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. नगरच्या प्रकरणात एक महिला वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिकांना अटक झाली. त्यांच्या वागण्यातल्या चुका न्यायालय ठरवेल. पण जिला कधी सराव दिला नाही, सिलिंडरची पिन कशी काढायची हे दाखवले नाही, मुख्य स्विच कुठे आहे हे सांगितले नाही, तिच्याकडून धुराने भरलेल्या खोलीत बरोबर निर्णयाची अपेक्षा करणे अन्याय्य आहे. विजेच्या आगीवर पाणी टाकायचे नसते, कार्बन डायऑक्साइड किंवा कोरड्या पावडरचा सिलिंडर वापरायचा असतो. पावडरच्या सिलिंडरवरचा दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात असावा लागतो. सर्वांत आधी आगीच्या लगतचा रुग्ण हलवायचा, मग चालता येणारे, मग खाटेवरचे. एवढे शिकवायला एक दुपार पुरते. ती दुपार दर सहा महिन्यांनी आणि रात्रपाळीच्या माणसांसाठीही मिळाली पाहिजे. दिवसाच्या कर्मचाऱ्यांवर केलेले ‘मॉक ड्रिल’ फोटोपुरते असते, असे मी स्पष्ट लिहितो.

धारणीत आणखी एक बळ आहे, जे निकषांच्या कोणत्याही तक्त्यात धरलेले नाही. इथे एका पेशंटबरोबर चार-पाच माणसे येतात, व्हरांड्यात झोपतात, दिवसचे दिवस राहतात. प्रशासनाला ती गर्दी वाटते. पण रात्री दोन वाजता वॉर्ड रिकामा करायचा असेल, तर खाटा ढकलणारे हात तेच. त्यांतले कित्येक जण वणव्याच्या हंगामात वनविभागात अंगारी, म्हणजे आगीवर पहारा ठेवणारे मजूर, म्हणून राबलेले असतात. वारा कुठल्या बाजूने आहे आणि धुरात वाकून कसे चालायचे, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. त्यांना फक्त हे सांगायला हवे, की या इमारतीतून बाहेर जायच्या वाटा कोणत्या, कोणते दार रात्री कुलूपबंद असते आणि त्याची किल्ली कोणाजवळ. हे कोरकूत सांगायला हवे, संध्याकाळी, माणूस दाखल होताना. भिंतीवर मराठीत लावलेला फलक न वाचता येणाऱ्याच्या कामाचा नाही. मावशी आणि आशा ताई हे काम चांगले करू शकतात, कारण त्या त्याच गावांतल्या असतात. चोरीच्या भीतीने मागचे दार रात्री बंद ठेवण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. ती भीती खरी आहे. तरी दार आतून, किल्लीशिवाय उघडेल असा आडसर बसवणे हा उपाय स्वस्त आहे आणि लगेच करता येण्यासारखा आहे.

बाहेरच्या मदतीबद्दल भ्रम नको. १०१ ला फोन करायचाच, पहिल्या मिनिटाला करायचा. पण अमरावती-परतवाड्याहून येणाऱ्या बंबांना घाट चढून-उतरून यायचे आहे. आगीची पहिली दहा मिनिटे धारणीचीच असतात. म्हणून इथल्या रुग्णालयाला शहरातल्या रुग्णालयाहून सौम्य निकष लावावेत, असे जे म्हटले जाते ते मला उलटे वाटते. मदत जितकी लांब, तितकी धूर ओळखणारी यंत्रणा, पाण्याची टाकी आणि शिकलेली माणसे आतच जास्त हवीत. छोटी इमारत आहे म्हणून सवलत, दुर्गम भाग आहे म्हणून सवलत, निधी नाही म्हणून सवलत: या सवलती शेवटी वॉर्मरखाली झोपलेल्या बाळाच्या खात्यावर पडतात.

पुढच्या प्रकरणांत दोन्ही कायद्यांतल्या तरतुदी, दाखल्यांचे नमुने कसे वाचायचे, विद्युत भार कसा मोजून घ्यायचा, सिलिंडर किती आणि कुठे ठेवायचे, हे क्रमाने आले आहे. राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकांतही अग्निसुरक्षेचे निकष आहेत. ज्या रुग्णालयांना ते मानांकन घ्यायचे आहे त्यांनी ते प्रकरण वेगळे वाचावे. वाचकांपैकी जे रुग्ण कल्याण समितीवर आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. जानेवारी आणि जुलैचा दाखला समितीच्या बैठकीत मागा. तो नसेल तर का नाही, हे इतिवृत्तात लिहून घ्या. असेल तर त्यातल्या त्रुटींसमोर कोणत्या कार्यालयाने, कोणत्या तारखेपर्यंत, किती खर्चाने काय करायचे आहे, याची एक-एक ओळ लिहा. सिलिंडर भरून घेणे, मल्टीप्लग काढून स्वतंत्र पॉइंट देणे, दाराचा आडसर बदलणे ही कामे समितीच्या निधीतूनही होऊ शकतात. त्यांच्यासाठी मुंबईच्या मंजुरीची वाट बघू नये. मोठ्या कामांचे प्रस्ताव गेले असतील तर त्यांचा आवक क्रमांक पुढच्या बैठकीतही वाचून दाखवा, आणि काम होईपर्यंत प्रत्येक बैठकीत वाचा.